पानशेतपूर्व पुणे : स्मरणलेखनातील शहर आणि त्याची क्रियापदे

प्रास्ताविक

सोडून आलेल्या गावाविषयी लिहिण्याची मराठी गद्याची परंपरा जुनी व समृद्ध आहे. शहरात स्थिरावलेल्या लेखकाने मागे राहिलेल्या गावाकडे वळून पाहावे, ही तिची नेहमीची रीत. परंतु माणूस आपल्या जागी आहे आणि त्याच्या पायांखालचे शहरच निघून गेले आहे, असा प्रसंग मराठी लेखनाच्या वाट्याला क्वचित आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो हाहाकार उडाला, तो असा प्रसंग होय. त्यानंतर पुण्याविषयी बोलताना ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी एक खाजगी कालगणनाच रूढ झाली. जुन्या पुणेकरांच्या कुटुंबात लग्न, जन्म, घरबदल यांच्या तारखा आजही या एका तारखेवरून मोजल्या जाताना आढळतात.

प्रस्तुत लेखात या स्मरणलेखनाचा विचार करावयाचा आहे. पुण्याच्या गतकाळावरील पुस्तके, दरवर्षी १२ जुलैच्या सुमारास वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणारे आठवणींचे लेख आणि घरोघर सांगितल्या जाणाऱ्या हकिकती या तिन्हींचा समावेश आम्ही त्यात करतो. हे लेखन वाङ्मयीन दृष्ट्या दुय्यम मानले गेले आहे. समीक्षेने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तथापि एखाद्या समाजाला आपल्यावरील आपत्ती कशी आठवते हे कथा-कादंबऱ्यांपेक्षा अशा साध्या लेखनातच अधिक स्पष्टपणे दिसते, असे आमचे मत आहे.

घटनेचा क्रम

मुठेची उपनदी आंबी. तिच्यावरील पानशेत हे मातीचे धरण. १९६१ च्या पावसाळ्यात त्यात प्रथमच मोठा साठा होऊ दिला गेला, तेव्हा धरणाचे काम पुरते झालेले नव्हते. पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्था अपुरी होती. पावसाचा जोर वाढला, बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी आणि मजुरांनी आदली रात्र वाळूची पोती रचण्यात घालविली. १२ तारखेच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्याच्या जलाशयात आला. एकोणिसाव्या शतकातील ते दगडी धरण, ज्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपले स्वयंचलित दरवाजे बसविले होते, काही तास टिकले आणि दुपारी तेही फुटले. लकडी पूल, नवा पूल, ओंकारेश्वर, नारायण व शनिवार पेठांचा नदीकडील भाग, कसब्यातील कुंभारवाडा, डेक्कन जिमखान्याची नदीकडील बाजू हे सर्व पाण्याखाली गेले. शहराला नळाचे पाणी खडकवासल्याहून येत असे. त्यामुळे पाण्याने घरे नेली त्याच दिवशी पिण्याचे पाणीही गेले, आणि लोक वाड्यांतील विसरलेल्या विहिरींकडे वळले. पुढे न्या. बावडेकर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यांच्या मृत्यूनंतर न्या. नाईक यांच्याकडे ते काम आले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर आदी वसाहती उभ्या राहिल्या.

एवढा तपशील पुरेसा आहे. आपला विषय घटना नसून तिची आठवण हा आहे.

‘असे होते’ आणि ‘हरवलेले’

पुण्याचे वर्णन करण्याची प्रथा पानशेतने निर्माण केली नाही. ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मधले आहे. त्या पुस्तकाचे नावच पाहावे. ‘वर्णन’ हा शब्द समोर असलेल्या वस्तूविषयी वापरला जातो. शंभर वर्षांनंतरच्या पुस्तकांची नावे मात्र वेगळ्या काळात उभी आहेत. म. श्री. दीक्षित यांचे ‘असे होते पुणे’, अविनाश सोवनी यांचे ‘हरवलेले पुणे’. एकात भूतकाळ, दुसऱ्यात भूतकालवाचक धातुसाधित. वर्णनाचे स्मरण झाले, ही या नावांतील स्थित्यंतराची खूण आहे. अर्थात ही पुस्तके केवळ पुरामुळे लिहिली गेली असा दावा आम्ही करीत नाही. त्यांचा आवाका पुष्कळ मोठा आहे. परंतु ज्या वाचकवर्गाने त्यांना जवळ केले त्याच्या मनात ‘हरवणे’ या क्रियेचे पहिले आणि सर्वांत ठळक चित्र १२ जुलैचे होते, यात शंका नाही.

‘हरवणे’ हे क्रियापद येथे नीट पाहण्यासारखे आहे. ‘मी किल्ली हरवली’ असे आपण म्हणतो तेव्हा कर्ता असतो. ‘किल्ली हरवली’ म्हणतो तेव्हा नसतो. ‘हरवलेले पुणे’ या प्रयोगात शहर हरवते, त्याला हरवणारा कोणी नाही. पानशेतच्या आठवणींचे कोणतेही चार लेख समोर ठेवले तर हीच ठेवण सर्वत्र आढळेल. धरण फुटले. पाणी आले. पाणी शिरले. वाडे बसले. माणसे गेली. भांडी वाहिली. चिखल राहिला. सगळी क्रियापदे अकर्मक आहेत. मराठीत फुटणे-फोडणे, बुडणे-बुडवणे, पडणे-पाडणे अशा जोड्या सहज उपलब्ध असताना स्मरणलेखन सातत्याने जोडीतील पहिलेच रूप निवडते.

हा दोष आहे काय? लगेच तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या डोळ्यांसमोर घर बसले तो प्रथम ‘घर बसले’ असेच म्हणणार. शोकाची भाषा कर्त्यापासून सुरू होत नाही, ती गेलेल्या वस्तूपासून सुरू होते. म्हणूनच या लेखनातील याद्या इतक्या जिवंत असतात. तांब्याचा बंब, धान्याची कणगी, लग्नातली पैठणी, भिजून फुगलेल्या पोथ्या, दाराच्या चौकटीवर राहिलेली गाळाची रेघ. काही जुन्या भिंतींवर १९६१ च्या पाण्याची खूण जपली गेली. गद्यातील या याद्या म्हणजे तशाच खुणा होत. नगररचनेच्या कोणत्याही दप्तरात एखाद्या वाड्याच्या चौकात सकाळी कोण कुठे दात घासत असे, नळाच्या पाळ्या कशा लागत, माळ्यावर काय ठेवलेले असे हे नोंदले गेलेले नाही. ते केवळ या आठवणींत आहे. त्यामुळे या लेखनाला ‘गतकातरता’ म्हणून हिणवणाऱ्या समीक्षकांशी आमचा मतभेद आहे.

प्रश्न निर्माण होतो तो कालांतराने. पहिल्या दिवसाची भाषा साठ वर्षांनंतरही तशीच राहते, तेव्हा तिने एक काम गुपचूप केलेले असते. तिने धरणफुटीचा ‘पूर’ केलेला असतो. ‘पानशेतचा पूर’ आणि ‘पानशेत प्रलय’ हे दोन शब्दप्रयोग इतके रुळले आहेत की त्यांतील विसंगती कानाला खटकत नाही. पूर नदीला येतो. पानशेत ही नदी नव्हे. प्रलय तर त्याही पुढचा. त्याला कर्ता असलाच तर तो मानवी न्यायासनापुढे उभा करता येत नाही. चौकशी आयोगाच्या भाषेला मात्र कर्ता लागतो. कोणी ठरविले, कोणी तपासले, कोणी थांबविले नाही, असेच प्रश्न तिला विचारावे लागतात. पुण्याच्या आठवणींत आयोग येतो तो बहुधा शेवटच्या परिच्छेदात, एका वाक्यापुरता. ही प्रमाणबद्धता आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

‘कणा’चा आदर्श

मराठी मनाने पुराकडे कसे पाहावे याचा एक साचा कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेने घालून दिला आहे. पुरात सर्वस्व गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, पैसे नाकारतो आणि पाठीवर हात मागतो. शाळाशाळांतून, संमेलनांतून ही कविता म्हटली गेली आणि आपत्तीला सामोरे जाण्याची ती एक नैतिक संहिताच बनली. कवितेतील नदी गंगा आहे, म्हणजे गोदावरी. गोदाकाठी, आपल्या कोपरगाव-पुणतांब्यालाही, नदीला गंगाच म्हणतात. ती नदी माहेरवाशिणीसारखी येते आणि जाते. तिच्यावर रागावता येत नाही. म्हणून उरतो तो स्वाभिमान. कवितेच्या चौकटीत हे पूर्ण सुसंगत आहे.

पण तोच साचा पानशेतवर बसविला की काहीतरी निसटते. मुठा त्या दिवशी पाहुणी म्हणून आली नव्हती. तिला अडविले होते, आणि अडविणाऱ्या बांधाने दगा दिला होता. पुण्याच्या पूरग्रस्ताला पाठीवर हात हवा होता हे खरेच; त्याला उत्तरही हवे होते. स्मरणलेखनाने हाताची आठवण जपली. तरुणांनी गाळ उपसला, शेजाऱ्यांनी गच्चीवर जागा दिली, परगावाहून भाकरी आल्या, या हकिकती अगत्याने सांगितल्या जातात आणि त्या सांगितल्या जाव्यात. उत्तराच्या मागणीची आठवण मात्र पातळ होत गेली. त्याच पिढीत गो. नी. दांडेकरांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहून भाक्रा-नांगलच्या बांधकामाला कादंबरीचा विषय केले होते. धरण बांधणाऱ्याला भगीरथाची उपमा देणाऱ्या काळाला धरण फुटल्यावर त्याच माणसाविषयी बोलण्याची भाषा चटकन सापडली नाही, असे अनुमान करता येईल. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) येईपर्यंत मराठी कादंबरीला धरणाकडे उलट्या बाजूने पाहण्यास जवळजवळ तीन दशके लागली, आणि तीही विस्थापितांची कादंबरी आहे, धरणफुटीची नव्हे.

कोणाचे शहर?

स्मरणलेखनातील पानशेतपूर्व पुणे हे प्रामुख्याने वाड्यांचे पुणे आहे. त्यातही मालकाचे आणि भाडेकरूचे अशी दोन पुणी आहेत, जरी आठवणींत ती एकाच चौकात नांदतात. पुरानंतर त्यांची ताटातूट झाली. मालकाचा वाडा पडला तरी त्याखालची जागा राहिली. भाडेकरूची खोली गेली ती गेलीच. त्याच्या वाट्याला आला तो निसेन हट, म्हणजे पत्र्याचा अर्धगोल निवारा, किंवा वसाहतीतील दोन खोल्या. शनिवार पेठ ते गोखलेनगर हे अंतर काही फार नाही. पायी जाता येते. तरीही ज्या कुटुंबांना तेथे जावे लागले त्यांच्या बोलण्यात ‘आम्ही पुण्यात होतो तेव्हा’ असा प्रयोग येत असेल तर तो चमत्कारिक मानू नये. शहर न सोडता शहराबाहेर पडण्याचा हा अनुभव मराठी साहित्यात जवळजवळ अलिखित आहे. टेकडीच्या पायथ्याशी नव्याने आखलेल्या सरळ रेषांतील चाळींत पेठेतली बोली, पेठेतले सण, पेठेतली भांडणेसुद्धा कशी रुजली, यावर एखादी मोठी कादंबरी व्हावयास हवी होती.

याहून अबोल आहेत ते नदीकाठचे कारागीर आणि कष्टकरी. कुंभारवाड्यातील भट्ट्या, घाटावर कपडे धुणारे परीट, नदीच्या वाळूवर व गवतावर पोट असणारे लोक यांना पाणी सर्वांत आधी लागले असणार, कारण त्यांची वस्तीच पाण्याच्या सर्वांत जवळ होती. वृत्तपत्रीय आठवणींत ते दिसतात ते पार्श्वभूमीला, ‘काठावरची घरे क्षणात गेली’ अशा वाक्यात. त्या घरांना नावे नसतात. वाड्यांना असतात. लेखन करणारा वर्ग कोणता, याचा हा परिणाम होय, हे सांगण्यास मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही.

आणखी एक सरमिसळ या लेखनात घडते. आज जे वाडे दिसत नाहीत त्यांपैकी पुष्कळ पाण्याने पाडलेले नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली गोठलेली भाडी, त्यामुळे थांबलेली डागडुजी, वारसांतील वाटण्या आणि पुढे इमारत व्यावसायिकांशी झालेले करार यांनी ते पाडले. परंतु आठवणीत सगळेच ‘गेले’. १९६१ मध्ये एका दुपारी गेलेला वाडा आणि नंतर करारावर सही करून पाडलेला वाडा एकाच वाक्यात, एकाच क्रियापदाने संपतो. पुराने येथे नकळत सर्वांनाच एक सबब पुरविली आहे. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांच्यावरील लेखात पुणेकराच्या अभिमानाची जी गोड थट्टा केली ती सर्वांना ठाऊक आहे. त्या अभिमानाला इतके दुखावणारे आत्मपरीक्षण सोसवेल काय, हा प्रश्न वेगळा.

नदी कोठे संपते?

नगर जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या नियतकालिकात पुण्याच्या आठवणींची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारू शकेल. पुण्याच्या स्मरणलेखनात नदी धरणापाशी सुरू होते आणि बंडगार्डनपाशी संपते. प्रत्यक्षात ती संपत नाही. मुळा-मुठा पुढे जाऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते, आणि भीमा आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा होऊन श्रीगोंदे, कर्जत तालुक्यांच्या कडेने, सिद्धटेकाच्या घाटाखालून वाहते. (पुण्याची मुळा निराळी आणि हरिश्चंद्रगडाकडून येऊन नेवाशाकडे प्रवरेला मिळणारी आपली मुळा निराळी; विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत त्यांचा घोळ नेहमी होतो.) १२ जुलैचे पाणी ज्या वाटेने गेले त्या वाटेवरील गावांची आठवण पुण्याच्या लेखांत नाही, आणि आपणही ती कधी मागितली नाही.

वरच्या अंगालाही असेच आहे. पानशेतच्या धरणात बुडालेल्या गावांतील लोकांची घरे पुण्यातील घरांच्या आधी पाण्यात गेली, आणि तीही आखणी करून. त्यांचे ‘पानशेतपूर्व’ वेगळेच आहे. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला, त्याचे नेतृत्व करणारे सेनापती बापट आपल्या पारनेरचे. सह्याद्रीतील एका खोऱ्याच्या बुडणाऱ्या शेतांसाठी पारनेरचा माणूस तुरुंगात जातो, ही गोष्ट आपण गौरवाने सांगतो; त्या खोऱ्यातील बायकांनी दळताना काय म्हटले ते मात्र गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्यासारख्या संग्राहकांनी ओव्या गोळा करीपर्यंत छापील मराठीच्या कक्षेबाहेरच होते. बुडालेल्या गावाची आठवण आणि वाहून गेलेल्या पेठेची आठवण एकाच खोऱ्यात, एकाच पाण्याविषयी असूनही एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

किल्लारीशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर ५२ गावांचे स्थलांतर करून पुनर्वसन झाले. नव्या गावांत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे ठरले. तो भूकंप निसर्गाचा होता, यात वाद नाही. तरीही अतुल देऊळगावकर यांनी ‘डळमळले भूमंडळ’ मध्ये भिंतींविषयी, बांधकामाविषयी, पुनर्वसनाच्या निर्णयांविषयी कर्ते विचारले. म्हणजे जेथे आपत्ती खरोखर नैसर्गिक होती तेथे मराठी लेखनाने माणसाचा वाटा शोधला, आणि जेथे ती मानवनिर्मित होती तेथे आठवणींनी ती निसर्गाच्या स्वाधीन केली. फरक एवढाच की पुण्याला आठवणी लिहिणारे हात पुष्कळ होते, किल्लारीला थोडे.

हा केवळ मराठीचा स्वभाव आहे असेही नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. आपत्तीला नाव मिळाले ते ‘कतरिना’ या चक्रीवादळाचे. शहर बुडाले ते मुख्यतः पूरसंरक्षक बांध व कालव्यांच्या भिंती फुटल्याने, आणि त्या लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेल्या होत्या. देशोधडीला लागलेल्या तेथील रहिवाशांपैकी अनेकांनी ‘वादळ’ हा शब्द नाकारून बांध फुटल्याचे सांगण्याचा आग्रह धरला. आपल्या प्रिय शहराविषयीची त्यांची ओढ त्यामुळे कमी झाली नाही. शोक आणि विचारणा एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

पुण्यात ही विचारणा निव्वळ इतिहासाची बाब राहिलेली नाही. पानशेतचे धरण पुन्हा बांधले गेले, त्याच्या जलाशयाला तानाजीसागर नाव मिळाले, आणि १९६१ मध्ये ज्या पात्रातून लोंढा गेला त्याच्या काठाशी पुढे नव्या वसाहती झाल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठी, २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी आले. दुसऱ्या प्रसंगी ते खडकवासल्यातून सोडलेले पाणी होते. बातम्यांची क्रियापदे पाहिली तर ती पुन्हा तीच आहेत : पाणी शिरले, संसार भिजले, वाहने वाहून गेली. ‘सोडले’ हे सकर्मक रूप मात्र या वेळी काही ठिकाणी दिसते, आणि रहिवासी ते मोठ्याने उच्चारताना आढळतात.

कर्जत तालुक्याच्या दक्षिण कडेला उजनीचा फुगवटा पसरलेला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक बुडालेले गाव पाहायला जातात. त्या पाण्यात पुण्याहून आलेली मुठा आहे. तिच्या दोन्ही काठांच्या, वरच्या आणि खालच्या, आठवणी गोळा करण्याचे काम आपल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि भूगोल विभागांना एकत्र करता येण्यासारखे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेली जी माणसे १९६१ मध्ये श्रीगोंदे-कर्जतच्या काठावर होती ती अजून गावांत भेटतात, आणि त्यांना अद्याप कोणी विचारलेले नाही.